हंडा म्हणजे भरलेला हंडा

प्रिय त्र्यंबक,

खरं सांगूनही ज्यांचं कुणी ऐकलं नाही, अशा माणसांना उद्देशून मी पन्नास वर्षं बोलत आले. त्यांतला एक तू आहेस. तू खरे आकडे दिलेस, ते साहेबांनी फायलीत दाबले. मी खरे शब्द दिले, ते लोकांनी टाळ्यांत बुडवले. तक्रार दोघांची एकच. ठाण्याच्या कॉलेजात ती आपण एकमेकांना पहिल्यांदा सांगितली, तेव्हा वाटलं होतं की तक्रार सारखी असली की माणसंही सारखीच असतात. तसं नसतं. हे कळायला मला एकाहत्तर वर्षं लागली, आणि स्टीलचा एक हंडा लागला.

तुझा फोन लागतो, वाजतो, तू उचलत नाहीस. उचलू नकोसच. फोनवर मी भाषण करते, हे तूच म्हणायचास. कागदावर निदान हात दुखतो आणि वाक्य आखूड होतं. तसं सध्या सगळंच दुखतं. कोपरीच्या या घराचे दोन जिने चढताना मी मध्येच पायरीवर बसते आणि पहिल्या मजल्यावरच्या निशाला वाटतं, मी तिच्याशी गप्पा मारायला थांबले. मग ती चहा आणते आणि मला खरंच गप्पा माराव्या लागतात. मी थकले आहे, त्र्यंबक. हे वाक्य मी माइकवर कधी उच्चारलेलं नाही. हे पत्र समीक्षाच्या हाती देते आहे. समीक्षा म्हणजे टिटवाळ्याच्या वस्तीतल्या आपल्या शेवंतीची सून, डोंबिवलीत तुझ्या घराच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात कामाला आहे. सुनावणीच्या दिवशी माझं बोलणं मोबाइलवर टिपलं ते तिनंच. तिच्यावर रागावू नकोस. तिनं फक्त टिपलं, बोलले मी.

वस्तीच्या पाण्याच्या पाटाची बातमी आधी देते, कारण पत्र उघडल्यावर तू तीच शोधशील. तुझा पाणी मोजणारा सेन्सर जागेवर आहे. शेवंतीचा नवरा धाकू रोज सकाळी पाटात उतरतो आणि जुन्या टूथब्रशनं त्याच्या नाकावरचं शेवाळ काढतो, तू दाखवलंस तसं, हलक्या हातानं आणि एकाच दिशेनं. केबलला अडकलेली पानं सोडवतो. वरच्या पेटीतला आकडा वहीत उतरवतो. तू यायचा थांबलास त्याला आज बारा दिवस झाले, धाकूचा एकही दिवस चुकला नाही. मी त्याला म्हटलं, अरे, आता कशाला एवढं, आपण तर हरलोच आहोत. तो म्हणाला, साहेबांनी सांगितलंय. तुला तो अजून साहेब म्हणतो. ज्या माणसाला मी दोनशे लोकांसमोर विकलेला म्हटलं, त्याची एक बारीकशी सूचना माझ्या सगळ्या भाषणापेक्षा जास्त टिकली.

आपण काय हरत आहोत ते तुला सांगायला नको, तरी लिहिते; लिहिलं की माझी मलाच नीट उजळणी होते. टिटवाळ्याच्या त्या टेकडीवर सव्वादोनशे घरं. कुणी कोकणातून आलेलं, कुणी नगरकडून, कुणी कळव्याच्या डोंगरावरची झोपडी मोडल्यावर. वरच्या बंधाऱ्यातून झऱ्याचं पाणी सिमेंटच्या पाटातून येतं आणि वस्तीच्या टाकीत पडतं. उन्हाळ्यात दुसरं पाणी नाही. टेकडीच्या पलीकडे तेवीस मजली इमारती उभ्या राहतायत आणि त्यांना बंधाऱ्याला पाइप जोडायचा आहे. सुनावणीच्या अधिकाऱ्यानं सरळ रेघ मारली: मिनिटाला नव्वद लिटर ही वस्तीची गरज. उन्हाळ्यातला प्रवाह त्याहून कमी असेल तर पाइप नाही. जास्त असेल तर नव्वदच्या वरचं पाणी त्यांचं. मोजा आणि या, म्हणाला. पन्नास वर्षांत मला भेटलेला हा पहिला सरकारी माणूस, ज्यानं माझं भाषण पुरतं ऐकून घेतलं आणि मग आकडा मागितला. आणि आकडा म्हटल्यावर मला तूच आठवणार होतास. तुझी बायको वासंती गेल्यावर मी तुला भेटायला आले होते, त्यालाही चार वर्षं झाली होती. तरी तू एका फोनवर आलास.

फेब्रुवारीतला तो दिवस मी या बारा दिवसांत शंभरदा आठवला. तू सकाळी सातलाच पाटात उतरलास, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. सत्तरी उलटलेल्या माणसाचे ते पांढरे पाय बघून वस्तीतल्या सरोज आणि वैशाली पदर तोंडाला लावून हसत होत्या. सरोज म्हणालीसुद्धा, साहेबांचे पाय ऑफिसातच वाढले वाटतं. तू पाटाचा तळ खरवडलास, पातळी पाहिलीस, साबणाच्या वडीएवढं ते काळं यंत्र तळाला घट्ट बसवलंस, नाक वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिकडे. खालच्या अंगाला पाटात एक फळी आडवी टाकलीस, पाणी तुंबून यंत्र कायम पाण्याखाली राहावं म्हणून. मग आम्हा सगळ्यांना समजावलंस. हे यंत्र पाण्याला पाहत नाही, पाण्यातल्या बारीक कणांना पाहतं. आवाज सोडतं, तो कणांवर आपटून परत येतो तो ऐकतं. झऱ्याचं पाणी फार स्वच्छ, कण कमी, म्हणून नुसतं त्याच्या शब्दावर जायचं नाही. खरोखर किती पाणी आलं ते भांड्यात धरून मोजायचं, यंत्राचा आकडा त्याच्याशी ताडायचा आणि त्यातून जो गुणक निघेल त्यानं पुढचा प्रत्येक आकडा गुणायचा. तू याला कॅलिब्रेशन म्हणालास. धाकू म्हणाला, म्हंजे काट्याला वजन लावून बघायचं. तू त्याच्याकडे असा पाहिलास, जसा तू माझ्याकडे कधीच पाहिला नव्हतास.

पण त्याआधी शून्य. यंत्र तळाला बसवायच्या आधी तू ते बादलीत ठेवलं होतंस, निवांत पाण्यात, म्हणजे न हलणाऱ्या पाण्यात ते शून्य दाखवतं का ते बघायला. आणि ते दाखवेना. दोन, पाच, परत दोन. कारण बादली पाट ओलांडायच्या फळीवर होती आणि त्याच फळीवर मी येरझाऱ्या घालत बायांना सांगत होते की आज आपण इतिहास घडवतो आहोत वगैरे. तू मान वर न करता म्हणालास, "नीला, जरा थांब. शून्य लागत नाहीये." मी थांबले. सगळी टेकडी गप्प झाली. आणि पेटीवर शून्य आलं. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, मला इतक्या कमी शब्दांत इतकं खरं कुणी सांगितलं नव्हतं.

तुला आठवतंय, मी भाषणाला निघाले की तू माझ्या हातात चिठ्ठ्या द्यायचास? कळव्याच्या डोंगरावरच्या नळांसाठी आपण पहिला मोर्चा काढला तेव्हाची एक चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे. त्यावर तुझ्या मुंगीच्या अक्षरात लिहिलंय: 'घरं ११४०, नळ १९, म्हणजे एका नळामागे ६०.' मी व्यासपीठावर चढले आणि म्हणाले, दीड हजार घरं आणि नळ पंधरा. टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली उतरल्यावर तू म्हणालास, माझा आकडा पुरेसा वाईट होता, तो वाढवायची गरज नव्हती. मी म्हणाले, सभेला अपूर्णांक कळत नाहीत. तू म्हणालास, अपूर्णांक नव्हताच. आणि तू हसला नाहीस. त्या वर्षी तू पाणी मोजण्याच्या सरकारी खात्यात नोकरी धरलीस, नदीकाठच्या मोजणी केंद्रावर. मी तुला पळपुटा म्हटलं. मला वाटायचं, आपण दोघं एकाच बाजूला आहोत म्हणून आपली मापंही एकच असायला हवीत.

आता हंड्यांवर येते. तुला दोनशे लिटरचा ड्रम वर न्यायचा होता. धाकू आणि आणखी दोघं तो खांद्यावरून न्यायला तयार होते. अडवलं मी. मी म्हणाले, आजवर साहेब लोकांच्या मापांनी आम्हाला फसवलंय. आज बायांच्या मापानं मोजू. चाळीस हंडे. ज्या हंड्यांनी या बायांनी पाणी वाहिलं तेच हंडे साक्ष देतील. वाक्य चांगलं होतं. ते मला आदल्या दिवशी सुचलं होतं, आणि एकदा सुचलं की मी वाक्य वाया घालवत नाही. तू ड्रम कडेला सरकवलास. मग म्हणालास, ठीक आहे, पण मला हंडे मोजू दे. नऊ जणींचे नऊ हंडे तू तुझ्या मापट्यानं काठापर्यंत भरून मोजलेस. सरासरी सोळा लिटर निघाली. आणि वर पेटीजवळ जाता जाता तू मागे वळून एक प्रश्न विचारलास. बायांना विचारलास, मला नाही. "हंडा काठोकाठ भरता ना?" शेवंतीनं तोंड उघडलं होतं. मी ते पाहिलं. पण मी माइकशिवायही जवळच्या माणसाच्या आधी बोलते. मी म्हणाले, "हंडा म्हणजे भरलेला हंडा." बाया हसल्या, तू वर गेलास.

आणि त्या नऊ जणींनी काय काम केलं! टाकीच्या तोंडाशी धार पडत होती आणि धार क्षणभरही न तुटू देता एक हंडा बाहेर, दुसरा आत. थेंब सांडला नाही. नळावरच्या रांगेत आयुष्य गेलेल्या बायकांनाच ते जमतं. त्यांचं हंड्याकडे लक्षही नव्हतं, नुसता आवाज ऐकून त्या ओढत होत्या. मी मोठ्यानं मोजत होते. चार मिनिटांत चाळीस. तू वर पेटीपाशी, आमच्याकडे पाठ करून, हातात घड्याळ. चाळीस गुणिले सोळा, सहाशे चाळीस लिटर. मिनिटाला एकशे साठ. तू गुणक बसवलास आणि वहीत सही केलीस. त्या आनंदात मी वस्तीला गूळ-शेंगदाणे वाटले.

मग उन्हाळा चढला आणि आकडा उतरत गेला, पण पुरेसा उतरला नाही. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी तुझा आकडा आला, मिनिटाला एकशे एक लिटर. मी तुला फोन करून म्हणाले, त्र्यंबक, नव्वदच्या आसपास असं लिही ना. आसपास हा शब्द खोटा नाही. तू म्हणालास, एकशे एक आहे तर एकशे एक लिहीन. मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी कल्याणच्या त्या कार्यालयात तू एकशे एक वाचून दाखवलंस, शांतपणे, जसा कुणी ताप किती आहे ते सांगतो. समोरचे वकील एकमेकांकडे बघून हसले. अधिकाऱ्यानं अंतिम आदेशासाठी पुढची तारीख दिली. आणि मी बाहेर अंगणात आले.

मी काय बोलले ते तुला पाठ असेल. ते मोबाइलवरच्या तीन गटांवर फिरलं आहे. पहिला भाग मी कुठल्याही रागावलेल्या दिवशी बोलले असते: सरकारची मोजपट्टी, निवृत्तीनंतरही सुटत नाही, वगैरे. पण मग मी म्हणाले, "याचा मुलगा कुणासाठी घरांचे नकाशे काढतो ते विचारा." मला ठाऊक होतं सलिल कुठं काम करतो. मला हेही ठाऊक होतं की त्याच्या ऑफिसाचा त्या इमारतींशी काडीचा संबंध नाही. ते वाक्य मला सुचलं नव्हतं, मी ते शोधून काढलं. सुचलेल्या वाक्याबद्दल माणसाला क्षमा मागता येते, शोधलेल्या वाक्याबद्दल काय करायचं ते मला ठाऊक नाही. तू पायऱ्यांवर उभा होतास. हातातली वही तू धाकूकडे दिलीस, चष्मा पुसलास आणि गेलास.

चार दिवसांपूर्वी मी टिटवाळ्याला गेले होते. चढून वर पोचले तेव्हा छाती धडधडत होती. शेवंतीनं मला आत बसवलं, पंखा लावला. मांडणीवर तिचे तीन हंडे ओळीनं उपडे घातलेले होते; तिनं एक सरळ करून उन्हात ठेवायला घेतला आणि त्याच्या आत माझी नजर गेली. गळ्याशी एक पांढरी रेघ होती, क्षाराची. गोल, सरळ, आखून काढल्यासारखी. रेघेच्या खाली हंडा काळवंडलेला आणि वर, काठापर्यंत, नव्यासारखा चकचकीत. मी दुसरा पाहिला. तिसरा पाहिला. शेजारी वैशालीच्या घरात जाऊन तिचे पाहिले. सगळ्यांना रेघ, सगळ्यांची गळ्याशी.

मी शेवंतीला विचारलं, इथपर्यंतच भरता का? ती माझ्याकडे बघतच राहिली, जसं मी विचारलं असावं की स्वयंपाक चुलीवर करता की माळ्यावर. "काठोकाठ कोण भरतंय बाई? चढावर निम्मा अंगावर सांडतो. गळ्याशी आवाज बदलला की हंडा ओढायचा." मी म्हणाले, आणि त्या दिवशी? तिला क्षणभर कळेना कुठला दिवस. मग म्हणाली, त्या दिवशी पण तसाच की, हाताला दुसरं येतंय कुठं. मी म्हणाले, मग साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस? त्र्यंबक, या बाईनं मला कधी उलट उत्तर दिलेलं नाही. ती हंडा पुसत पुसत म्हणाली, "सांगणार होते. तुम्हीच सांगितलंत ना."

मी हंडा तिच्या हातातून घेतला. मग तिच्याकडून लिटरचं माप मागून घेतलं आणि तिचा हंडा रेघेपर्यंत भरून मोजला. साडेतेरा. सोळा नव्हे, साडेतेरा. म्हणजे तुझं यंत्र पहिल्या दिवसापासून जास्त सांगतंय, आणि ते यंत्राचं खोटं नाही, माझं आहे. तुझं गणित अजून मला येतं; तूच शिकवलं होतंस. एकशे एक गुणिले साडेतेरा भागिले सोळा. पंच्याऐंशी. नव्वदच्या खाली. वस्ती जिंकते.

दोन दिवस मी सुखात होते हे तुला सांगितलंच पाहिजे. मी अर्ज लिहून काढला. भाषणही तयार केलं. त्यात हंडा होता, गळ्याची रेघ होती, यंत्राला न कळणारं बायांचं शहाणपण होतं. चांगलं भाषण होतं, त्र्यंबक. तुझ्याविषयी त्यात एक उदार वाक्यही होतं. मग काल टाकीच्या नळावर मी सगळ्यांना चूक सांगितली. सरोज म्हणाली, मग बाई, चूक हंड्याची का तुमची? सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि म्हणाले, माझी. तेव्हा मागून वैशाली म्हणाली, माझ्या हंड्याचा गळा शेवंताक्काच्या हंड्यापेक्षा उंच आहे, माझ्यात जास्त मावतं. कुणी म्हणालं, त्या दिवशी घाईत दोनदा तर काठापर्यंत आलं होतं. कुणी म्हणालं, आमच्याकडचा हंडा तर चेपलेला. आणि मला कळलं की मी पुन्हा तेच करते आहे. नऊ जणींच्या वतीनं एका हंड्याचं उत्तर देते आहे.

घरी येऊन आकडेमोड केली. त्या दिवशी हंड्यात सरासरी सव्वाचौदा लिटरपेक्षा कमी पाणी आलं असेल तर प्रवाह नव्वदच्या खाली, आणि आपण जिंकलो. जास्त आलं असेल तर नव्वदच्या वर, आणि ते जिंकले. शेवंतीच्या साडेतेरापासून सव्वाचौदापर्यंत किती अंतर आहे? पाऊण लिटर. एका तांब्याचं. त्या एका तांब्यावर सव्वादोनशे घरांचा उन्हाळा आहे आणि तो तांबा कुठल्या बाजूला आहे, मला ठाऊक नाही. वैशालीनं सरळ विचारलं, बाई, पंच्याऐंशी लिहून टाका ना, परत मोजायचं कशाला? आणि मला तिच्यावर रागावता येईना. तिच्या जागी मी पन्नास वर्षं उभी होते. अकराशे चाळीसचे दीड हजार मीच केले होते. मी तिला एवढंच म्हणाले की पंच्याऐंशी लिहिलं आणि त्यांनी ड्रम आणून मोजलं, तर पुढं या वस्तीची खरी तहानही कुणी खरी मानणार नाही. तिला पटलं की नाही, कळलं नाही. ती हंडा उचलून गेली. गळ्यापर्यंत भरलेला.

सलिलला मी आज सकाळी फोन केला. तो म्हणाला, असू दे मावशी. असू दे म्हणताना माणूस किती दूर जाऊन उभा राहिलेला असतो, ते त्याच्या आवाजात ऐकलं. मग समीक्षाला बोलावून तिच्या मोबाइलसमोर उभी राहिले आणि ज्या तीन गटांवर ते भाषण गेलं त्याच तीन गटांवर हे पाठवायला लावलं. मी सांगितलं की माप चुकलं ते माझ्यामुळे, त्र्यंबकनं विचारलं होतं आणि उत्तर मी दिलं होतं, आणि त्याच्या मुलाबद्दल मी जे बोलले ते खोटं आहे हे ठाऊक असून बोलले, आणि दोघांची माफी मागितली. एक मिनिट वीस सेकंद. माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण. समीक्षा म्हणाली, मावशी, अजून काही? मी म्हणाले, नाही. तिला वाटलं माझी तब्येत बिघडली.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माफी नाही, ती वर मागून झाली, द्यायची की नाही ते तू बघ. चोविसाव्या वर्षी, कोपरीच्या खाडीकाठी, ओहोटीचा चिखल उघडा पडलेला असताना, तू मला एक प्रश्न विचारला होतास. मी वीस मिनिटं बोलले. माणसाच्या स्वातंत्र्याविषयी बोलले, चळवळीविषयी बोलले, आणि त्या वीस मिनिटांत हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. तू वाट पाहिलीस, मग घड्याळ पाहिलंस आणि म्हणालास, उशीर झाला. तेव्हाही तू फक्त मोजत होतास, आणि तेव्हाही शून्य लागू दिलं नाही मीच. त्या प्रश्नाचं उत्तर आज देण्यात अर्थ नाही, वासंतीसारखी बाई तुझ्या घरात तीस वर्षं नांदून गेली आहे. पण ज्या प्रश्नाला मी तुझ्यासमोर दुसऱ्या कुणाच्या तरी वतीनं उत्तर दिलं, तो तरी पुन्हा विचारला जावा. सुनावणी गुरुवारी आहे. त्याआधी, येत्या रविवारी सकाळी सात वाजता टिटवाळ्याच्या बंधाऱ्यावर ये. तुझी बादली आण, घड्याळ आण. ड्रम धाकूनं कालच वर नेऊन ठेवला आहे, दोनशे लिटरचा, धुऊन. मी फळीवर चालणार नाही. मी तोंड उघडणार नाही. ड्रम भरला की नाही ते शेवंती सांगेल. आकडा एक्क्याण्णव निघाला तर गुरुवारी तोच तू वाच, मी तुझ्या शेजारी उभी राहीन आणि तो खरा आहे असं एवढंच म्हणेन. उत्तर लिहू नकोस, फोन करू नकोस. फक्त ये, आणि पुन्हा मोज.

पन्नास वर्षं पत्रकांखाली 'आपली नम्र' लिहीत आलेली, पण आज

तुझीच,
नीला